पत्नीचं वजन ८१ किलो, पहिलं बाळंतपण. नॉर्मल होईल का, आणि माहेरी पाठवू का?

जळगाव जिल्ह्यातच लेबर रूमला सिस्टर आहे, म्हणून लिहिते. तुमच्या पत्नीची उंची पाच फूट, गरोदर राहण्याआधी वजन ८१, आता सातवा महिना. डॉक्टर म्हणाले ‘सिझरची तयारी ठेवा’, आणि तुम्हाला त्यात पैशाचा वास येतोय. पैशासाठी सिझर कुठेच होत नाही असं मी म्हणणार नाही, पण या सल्ल्याला आधार आहे. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ च्या आसपास येतो. ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आपल्या भारतीयांसाठी तर २५ पासूनच. अशा बायकांचं सिझर जास्त वेळा होतं. पण नॉर्मलही होतं, मी केलेत.

फरक पडतो तो मुख्यतः वेळेत. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटरपासून सहा-सात होईपर्यंत फार रेंगाळतं. कळांना जोर कमी पडतो, सलाईनमधून औषध द्यावं लागतं. पोटावर बाळाच्या ठोक्यांचा पट्टा बसत नाही, सारखा सरकतो, आम्ही हाताने धरून उभ्या राहतो. तेवढ्यात बाहेरून नातेवाईक ‘अजून किती वेळ?’ म्हणून दार वाजवतात! बाळ आणि आई ठीक असतील तर इथे थांबण्यातच शहाणपण असतं. एकदा तोंड पूर्ण उघडलं की पुढचं काम साधारण इतरांसारखंच.

बाळ मोठं असेल तर मात्र खांदा अडकण्याची भीती, आणि शुगरने बाळ मोठं होतं, म्हणून शुगर बघा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासतात. १४० किंवा जास्त आली तर ती गरोदरपणातली शुगर. बीपी मोठ्या पट्ट्यानेच मोजायला सांगा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं.

डाएटिंग आता अजिबात नको. पण ‘दोन जीवनी शे, खाऊ द्या तिले’ म्हणत बट्टीवर तुपाची धारही नको. तिच्या बीएमआयला पूर्ण नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलो वाढ पुरे.

आता माहेरचं. सासुरवाडी चोपड्याच्या पुढे खेड्यात आहे म्हणता. जिथे नाव घालाल तिथे दोनच गोष्टी विचारा: रात्री दोनला भूलतज्ज्ञ येतो का, आणि रक्त किती वेळात मिळतं. कारण या वजनात भुलीसाठी कमरेत देतात त्या सुईची जागा बोटाला सहज लागत नाही, घाईत तर नाहीच. आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. उत्तर गुळमुळीत आलं तर तिला जळगावलाच ठेवा, तिच्या आईला इकडे बोलवा. सासूबाई रुसतील, रुसू द्या. भूलतज्ज्ञाला नवव्या महिन्याआधीच एकदा दाखवून ठेवा. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तारखेची वाट न बघता १०८ ला फोन करा.