ढाली राहू देत, म्हशींची नावं लिही

प्रश्न : गंगावेशीत आमचा चार पिढ्यांचा म्हशींचा गोठा आहे. पणजोबा तालमीत दुधाचा रतीब घालायचे. आजोबांची म्हैस दिवाळी पाडव्याच्या शर्यतीत नंबरात यायची. परवा अमेरिकेतल्या एका रँचबद्दल, म्हणजे गुरांच्या मळ्याबद्दल, वाचलं. तिथले आजोबा रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या स्पर्धेत, उतरायचे, आता नातवंडं तीच रँच चालवतात आणि घराण्याचा इतिहास त्यांनी लिहून ठेवलाय. आपलाही लिहावा असं वाटतं, पण घरात बक्षिसाच्या चार ढाली आणि एक जुना फोटो सोडला तर कागद नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पोरी, ढाली खुंटीवरच राहू देत. ढालीवर मालकाचं नाव असतंय. पळाली कोण?

रोडिओ म्हणजे तरी मूळचा खेळ कुठं होता? स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ गुरं घेरून एका जागी आणणं. घोड्यावरून फास टाकून वासरू धरायचं नि डाग द्यायचा, हे तिथल्या गुराख्याचं रोजचं काम. त्यात पैजा लागल्या, मग मैदानं झाली. आपल्याकडंही तेच झालं. पाडव्याला गवळी मोटारसायकलवर पुढं आणि रंगवलेल्या शिंगांची म्हैस मागं धावत. बघणाऱ्याला वाटतं, मजा आहे. पण ती हाळीवर येते, कारण वर्षभर त्याच हाळीवर ती दूध कट्ट्यावर, म्हणजे चौकातल्या धारेच्या जागी, येत असते. त्यात पंढरपुरी म्हैस दिवसातनं अनेक वेळा थोडा थोडा पान्हा सोडते, म्हणून तर गिऱ्हाईकासमोर पेल्यात धार काढता येते. तुमच्या पाडव्याचं मूळ त्या पेल्यात आहे.

म्हणून म्हशीपासून सुरू कर. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बस. आमच्या आईला साल एक आठवायचं नाही, पण "चंद्री तिसऱ्यांदा व्याली तवा तू रांगत होतास" हे पक्कं. दोन वेतांत सव्वा-दीड वर्ष धर आणि वेतं मोजत मागं जा. कोण कुणाची पारडी, कुठली बाजारातनं आणली, कुठली लग्नाच्या खर्चाला विकली, सगळं विचार. मग गावातल्या ठळक सालांना गाठ मार. शाहू महाराज गेले 1922 ला. पणजोबांनी त्यांना पाहिलं होतं का? गोकुळ संघ निघाला 1963 ला. दूध डेअरीला घालायचं की कट्ट्यावरच विकायचं, यावर तुमच्यात भांडण झालं असणारच. आमच्यात दोन भाऊ वर्षभर बोलत नव्हते.

महापुराची सालं तर कुणाला विचारायलाही नकोत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या गोठ्यात गुडघाभर पाणी आलं, रात्रीची वेळ, लाईट गेलेली. आठ म्हशींची दावी कापली तरी पुढची हालेना. थोरल्यानं गल्लीच्या तोंडाशी, जिथं पाणी नव्हतं तिथं, गाडी चालू करून पाडव्यासारखी रेस केली. ती चालली, तशा मागच्या सात आल्या. त्यातल्या दोन पुढं आटल्या, ते वेगळं.

आणि वाईट झालेलंही लिही. आमच्या चुलत्यानं नंबरापायी सात महिन्यांची गाभण म्हैस पळवली. गाभ गेला. ती ढाल अजून सोप्यात आहे, आणि आई त्या भिंतीकडं कधी बघायची नाही.

आता तो फोटो. त्यात आजोबांकडं बघू नकोस, शिंगांकडं बघ. पंढरपुरीची शिंगं खांद्याच्या मागं जातात आणि दोन म्हशींची वळणं सहसा सारखी नसतात. फोटो मोठा करून घे आणि सकाळी कट्ट्यावर जा, धार संपल्यावर. आधी गेलीस तर कुणी बोलणार नाही. सत्तरीच्या पुढचा एखादा गवळी गाठ. माणूस कोण ते त्याला कदाचित सांगता येणार नाही, म्हशीचं नाव मात्र सांगेल.