चौदा वर्षांच्या, कमी उंचीच्या मुलीने बास्केटबॉल सोडावा का?

नाही. सोडायचंच असेल तर 'या उंचीत काही होणार नाही' म्हणणाऱ्या कोचना सोडा.

तुम्ही लिहिलंय की चीनच्या झांग झियूचे व्हिडिओ बघून मुलगी खचली आणि कोचनीही तेच दाखवून 'आता हा खेळ अशा मुलींचा' असं ऐकवलं. ते व्हिडिओ २०२४ मध्ये शेन्झेनला झालेल्या १८ वर्षांखालील महिला आशिया कपचे. १७ वर्षांची, २.२० मीटर उंचीची मुलगी रिंगखाली हात वर करून उभी राहते, पास येतो आणि उडी न मारता बॉल आत. हे छोटे तुकडे सगळ्यांनी बघितले, पण त्या स्पर्धेची फायनल कोणी बघितली? झांगने त्या सामन्यात ४२ गुण केले आणि चीन हरला. ऑस्ट्रेलिया ९६, चीन ७९. झांग सोडून बाकी सगळ्या संघाचे मिळून ३७. पुढच्या वर्षी ब्रनोला १९ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये हीच ऑस्ट्रेलिया फायनलपर्यंत गेली आणि तिथे अमेरिकेकडून ८८-७६ ने हरली. कोचनी हा अर्धा भाग तुमच्या मुलीला का सांगितला नाही?

मला राग येतो, कारण मी यातून गेले आहे. आमच्या निवड चाचणीत पहिल्याच सकाळी सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं. भिंतीवर खडूने एक रेघ मारली होती. जिचं डोकं रेघेपर्यंत पोचत नव्हतं तिला बाजूला काढलं, तेही एकदाही बॉल हातात न देता. मी पॉइंट गार्ड होते, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी; सगळा सीझन आमच्या संघाचा बॉल मीच वर आणत होते. मी म्हटलं, "सर, पाच मिनिटं खेळताना तरी बघा." ते म्हणाले, "बेटा, उंची शिकवता येत नाही."

स्पर्धेला मी गेले, पण टेबलवर स्कोअरशीट लिहायला. उपांत्य सामन्यात समोरच्या संघाने फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगावर येऊन अडवायला लागले, आणि आमच्या उंच मुलींना बॉल मधल्या रेषेपलीकडे नेता येईना. बॉल रेषेपलीकडे न्यायला मिळणारे आठ सेकंद संपायचे, शिट्टी, बॉल त्यांचा. पुन्हा तेच. रिंगखाली आमची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी उंच मुलगी, हात वर करून उभी होती आणि तिच्यापर्यंत बॉल पोचतच नव्हता. मी ते सगळं माझ्या हाताने लिहून काढलं. त्या मुलींची त्यात काही चूक नव्हती. ज्या कामासाठी त्यांना घेतलंच नव्हतं, ते त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

पुढे मीही कोच झाले आणि एका शिबिरात तेच सर भेटले. मी विषय काढला. ते तेव्हाही 'उंची शिकवता येत नाही' इथेच होते. मी म्हटलं, कबूल, पण जे शिकवता येतं ते तरी तुम्ही कोणाला शिकवलंत? मी त्यांना जपानचं उदाहरण दिलं. २०१७ च्या १९ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये जपानच्या मुली चौथ्या आल्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या महिला संघाने रौप्य जिंकलं, आणि त्यातली पॉइंट गार्ड रुई माचिदा १६२ सेंटिमीटरची. फ्रान्सविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये तिने १८ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) दिले, तो ऑलिंपिक विक्रम ठरला. सर म्हणाले, "ते जपान आहे." मी विचारलं, जपानी मुलींचे पाय काही वेगळे असतात का? त्यांच्याकडे लहानपणापासून पळणं, पासिंग आणि लांबून शूटिंग घोटून घेतात, इतकंच. यावर त्यांनी उत्तर दिलं नाही, चहा घ्यायला गेले.

तुमच्या मुलीसाठी: डावा हात उजव्याइतका चालला पाहिजे आणि ड्रिबल करताना नजर वर हवी. उंच मुलीच्या हातावरून जाणारा फ्लोटर, म्हणजे अलगद वर उडवलेला शॉट, आत्तापासून घोटावा. ६.७५ मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेवरून, शूट करायची घाई नको, पायात ताकद नसताना लांबून फेकत राहिलं की शूटिंगची ढब बिघडते. बचावात बॉल असलेल्या मुलीला कोर्टभर छळता आलं पाहिजे. असं करणारी गार्ड कुठल्याही संघाला लागते, चीनलाही. झांगला पास कोणीतरी देतच होतं ना?

उंचीला किंमत नाही असं मी म्हणत नाही. तिला सेंटर खेळायचं असेल तर मोठ्या स्पर्धेत ते जमणार नाही, हे तिला आत्ताच सांगा. पाळी सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील तर उंची आता फार वाढणार नाही. उंचीच्या पावडरींवर पैसे घालवू नका. आणि तिच्या जागेसाठी तितकीच चांगली खेळणारी उंच मुलगी आली, तर निवड त्या मुलीचीच होईल. तेव्हा तिला सरसच खेळावं लागेल. हे अन्यायाचं वाटतं, पण मी कोच म्हणून तेच करेन. फक्त आधी दोघींना खेळताना बघेन.

दुसरा कोच लगेच मिळाला नाही तर तोवर तिला मुलांमध्ये खेळू द्या. तिथे तिच्याहून उंच आणि वेगवान खेळाडू रोज समोर येतील.