वाचक विचारतात : फसवणुकीच्या धंद्याचा अभ्यास

प्रश्न : माझी मुलगी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता तिला ऑनलाइन फसवणूक आणि आर्थिक गुन्हे या विषयात पीएच.डी. करायची आहे. गुन्ह्यांचा तपास हे पोलिसांचं काम. विद्यापीठात बसून ती काय शोधणार? आणि असल्या लोकांच्या मागे लागण्यात धोका नाही का?

उत्तर : ताई, माझ्याकडे संशोधनाला येणाऱ्या मुलामुलींच्या घरून हाच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पोलीस एका गुन्ह्याच्या मागे असतात. कोणी केला, पुरावा काय, न्यायालयात टिकेल का, हे त्यांना पाहावं लागतं. आम्ही असे हजारो गुन्हे एकत्र मांडतो आणि विचारतो, हा धंदा चालतो कसा? पैसा कुठून कुठे जातो? कोणती कडी तोडली तर सगळंच अडेल?

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण या विषयातलं इतकं देखणं काम मी क्वचित पाहिलं आहे. औषधं विकणाऱ्या स्पॅम ईमेल सगळ्यांनाच यायच्या. त्यातून कोणी काही विकत घेतं का, हे मात्र कोणीच मोजलं नव्हतं. २००८ साली बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी ‘स्टॉर्म’ या, गुन्हेगारांनी ताब्यात घेऊन स्पॅम पाठवायला जुंपलेल्या संगणकांच्या जाळ्यात शिरून त्यातून जाणाऱ्या ईमेलमधल्या लिंक आपल्या बनावट दुकानाकडे वळवल्या. दुकान निरुपद्रवी होतं. ग्राहक पैसे भरायच्या टप्प्यावर आला की एरर यायची आणि व्यवहार तिथेच थांबायचा. सुमारे ३५ कोटी ईमेल गेल्या आणि खरेदीपर्यंत पोहोचले २८ जण. इतक्या नगण्य प्रतिसादावरही धंदा तगतो, कारण ईमेल पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

मग सॅन डिएगोच्या स्टीफन सॅव्हेज यांच्या गटाने पुढचा प्रश्न घेतला. २०११च्या अभ्यासात त्यांनी अशा दुकानांतून स्वतः माल मागवला आणि कार्डाचे पैसे कोणत्या बँकेत जमा होतात ते पाहिलं. वेबसाइटची नावं आणि सर्व्हर सतत बदलत होते, ते बंद पाडून उपयोग नव्हता. एक बंद केला की दुसरा लगेच तयार. पण त्यांच्या अभ्यासातल्या, स्पॅममधून जाहिरात होणाऱ्या मालापैकी ९५ टक्क्यांहून अधिक मालाचे पैसे फक्त तीन बँकांमार्फत जात होते! असे व्यवहार स्वीकारणारी नवी बँक मिळवणं सर्व्हर बदलण्याइतकं सोपं नसतं. पुढे ज्यांच्या नावाचा नकली माल विकला जात होता त्या कंपन्यांनी कार्ड-कंपन्यांकडे पद्धतशीर तक्रारी केल्या, तेव्हा विक्रेत्यांची खरोखर कोंडी झाली. एका प्रकरणाच्या तपासातून ही कडी दिसणं फार अवघड होतं. तुमची मुलगी शोधेल ते हे.

संख्याशास्त्राचा उपयोग तर पदोपदी आहे. बऱ्याच खऱ्या हिशोबांत १ने सुरू होणारे आकडे सुमारे ३० टक्के असतात आणि ९ने सुरू होणारे पाच टक्क्यांहूनही कमी. हा बेनफर्डचा नियम. मनाने रचलेले आकडे बहुधा असे पडत नाहीत, म्हणून लेखापरीक्षक संशयास्पद वह्या निवडायला तो वापरतात. त्याने गुन्हा सिद्ध होत नाही, पण कुठे खोदायचं ते कळतं.

आता धोका. बहुतेक काम गोळा झालेल्या माहितीवर चालतं. केंब्रिजमध्ये २०१५पासून सायबर गुन्ह्यांच्या अभ्यासाचं केंद्र आहे. ते अशी माहिती इतर विद्यापीठांतल्या अभ्यासकांना लेखी कराराने देतं, म्हणजे प्रत्येकाला गुन्हेगारांच्या अड्ड्यांवर फिरावं लागत नाही. तरी प्रवेशाआधी मुलीने मार्गदर्शकांना दोन गोष्टी विचाराव्यात. नैतिक समितीची मंजुरी कशी घेतात? आणि फसलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्यावर संशोधकाच्या मनावर येणारा ताण कोण पाहतं? मला स्वतःला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. रोज कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी गेल्याची हकीकत ऐकणं सोपं नसतं.

प्रश्न : माझे वडील निवृत्त इंजिनिअर, हिशोबाला चोख. बनावट गुंतवणूक ॲपमध्ये त्यांचे बरेच पैसे गेले. इतका हुशार माणूस फसतोच कसा? मला त्यांचा राग येतो. ते तर कोणाशी बोलतच नाहीत.

उत्तर : राग समजतो, पण तो चुकीच्या माणसावर निघतो आहे. पॉल विल्सन आणि केंब्रिजचे फ्रँक स्टाजानो यांनी फसवणुकीचे अनेक प्रकार तपासून त्यामागची सात तत्त्वं मांडली. पहिलंच तत्त्व असं की माणूस ज्यात गुंतलेला असतो त्यापलीकडचं त्याला दिसत नाही. हुशारी इथे आड येत नाही, उलट कामाला जुंपली जाते. तुमचे वडील ॲपमधले आलेख नीट तपासत असणार. आलेखच खोटे होते. अशा ॲपमध्ये सुरुवातीला थोडे पैसे काढूही देतात, म्हणजे तपासणारा माणूस तपासून खात्री करून घेतो.

मोनिका व्हिटी यांनी ऑनलाइन प्रेमाच्या नावाखाली लुबाडलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. त्या लोकांचे पैसे गेलेच, शिवाय रोज बोलणारं माणूसही गेलं. काहींना दुसरा घाव जास्त लागला. तुमच्या वडिलांशीही कोणी तरी महिनोनमहिने आपुलकीने बोललं असेल, हे ध्यानात घ्या. ऑस्ट्रेलियात कॅसँड्रा क्रॉस यांनी फसलेल्या वयस्कर लोकांशी बोलून दाखवलं की ‘लोभ नडला’, ‘अक्कल कुठे गेली होती’ या बोलांच्या भीतीने माणसं घरातही गप्प राहतात. तक्रार होत नाही आणि टोळीला पुढचं गिऱ्हाईक सापडतं.

म्हणून त्यांना ‘का केलंत?’ विचारू नका. ‘ते काय काय बोलायचे?’ असं विचारा. बँकेत आणि पोलिसांत अजून कळवलं नसेल तर आजच सोबत जा. आणि एक नक्की सांगा : ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणून कोणाचा फोन आला तर एक पैसाही देऊ नका. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्यामुळे हा दुसरा फोन पुष्कळांना येतो आणि आशेने गांजलेला माणूस पुन्हा पैसे भरतो.

प्रश्न : सायबर गुन्ह्यांमुळे अमुक अब्जांचं नुकसान, असे आकडे नेहमी वाचतो. ते कितपत खरे?

उत्तर : सर्वेक्षणातून आलेला आकडा असेल तर जपून घ्या. डिनेई फ्लोरेन्सियो आणि कॉर्मॅक हर्ली यांनी २०११ मध्ये हे साध्या हिशोबाने दाखवलं. हजार जणांना विचारलं आणि त्यातल्या एकानेच ५० हजार डॉलर गेल्याचं सांगितलं, तर २० कोटी लोकसंख्येला तोच हिशोब लावल्यावर नुकसान होतं १० अब्ज डॉलर. त्या एकाने चुकून शून्य वाढवलं असेल तर ९ अब्ज हवेतले. उलट बाजूने, लाजेमुळे न नोंदलेली प्रकरणं कोणत्याच आकड्यात येत नाहीत. बातमी वाचताना किती जणांना विचारलं आणि मोठी रक्कम किती जणांनी सांगितली, हे दिलं आहे का ते पाहा. दिलं नसेल तर त्या आकड्यावर कोणताही निष्कर्ष उभारू नका.