डॉक्टर म्हणाले सायकॉलॉजिस्टला भेटा, म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का?

प्रश्न: मी 46 वर्षांची, सांगलीला असते. चार वर्षं कंबर दुखतेय. दोन ऑर्थोपेडिक झाले, फिजिओ झाला, एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आहे (मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलीय) पण ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. आता नवीन डॉक्टरांनी सायकॉलॉजिस्टकडे जायला सांगितलंय. सासूबाई म्हणाल्या, बघ, मी म्हणतच होते मनाचे खेळ आहेत. मला रडूच आलं. मी नाटक करतेय का?

उत्तर: नाही हो ताई. तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे आणि हे वाक्य सासूबाईंनाही वाचून दाखवा.

आता सायकॉलॉजिस्ट कशाला ते सांगते. लहानपणी गुडघा फुटला की आई आजूबाजूला चोळायची आणि खरंच कमी दुखायचं ना, ते का होतं याचं उत्तर मेल्झॅक आणि वॉल या दोन वेदना-संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं. त्यांचं म्हणणं, पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं, वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत किती जाणार ते तिथे ठरतं, आणि ते फाटक मेंदूकडूनही उघडझाक होतं. भीती, काळजी, झोप नसणं यांनी ते सताड उघडं राहतं. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि अशा दुखण्यात बऱ्याचदा मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, मूळ इजा भरली तरी अलार्म वाजतच राहतो.

1995 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका 29 वर्षांच्या बांधकाम कामगाराची केस आली होती. 15 सेंटीमीटरचा खिळा बुटातून आरपार, जरा हलवला तरी तो कळवळत होता, इंजेक्शन देऊन बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडासुद्धा नाही. तो माणूस नाटक करत होता का? अजिबात नाही, त्याला जे दुखलं ते दुखलंच.

आणि त्या बल्जला फार घाबरू नका, काहीही दुखत नसलेल्या चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय पाहिले तर साधारण निम्म्यांत डिस्क बल्ज दिसतो.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी पाण्याची बादली उचलायला सांगते. वाकायच्या आधीच श्वास रोखलेला, एक हात कमरेवर, दात घट्ट आवळलेले, बादलीला अजून हातही लागलेला नसतो! थेरपीत इथूनच सुरुवात होते, आधी रिकामी बादली, श्वास सोडत, मग चार तांबे पाणी, मग अर्धी, आणि "आता पाठ मोडणार" असं जे आत चालू असतं ते खरं ठरलं का ते दर वेळी तपासायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. बरं वाटलं त्या दिवशी माळे, पंखे, दळण सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस झोपून, हे तुमच्याही घरी होत असणार. तीन दिवस घड्याळ लावून बघा, ओट्यापाशी किती वेळ उभं राहिलं की दुखणं वाढतं. 15 मिनिटं येत असतील तर 12व्या मिनिटाला बसायचं, दुखत नसलं तरी बसायचं, आणि आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं. मिस्टरांनाही सांगा, दर तासाला "दुखतंय का गं" विचारू नका, त्याऐवजी संध्याकाळी सोबत चक्कर मारा.

याने किती फरक पडेल? खरं सांगते, 2020 च्या कोक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, 75 अभ्यास बघितले, सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायच्या अशा थेरपीचा) फायदा दिसला पण सरासरीने छोटा. मी तरीही सुचवते, कारण रोजचं जगणं परत हातात येताना मी पाहिलंय. फिजिओ सोडू नका, गोळ्या मनाने बंद करू नका. आणि मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, पायातली ताकद जाणं असं काही झालं तर ताबडतोब हॉस्पिटल, ताप किंवा उगाच वजन उतरणं असेल तरी डॉक्टरांना लवकर दाखवा.

प्रश्न: मायग्रेन आहे, जवळजवळ रोज गोळी घेतो. इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का? विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचं मायग्रेन तिथूनच गेलं ना?

उत्तर: दादा, इगतपुरीला नाही, ते विपश्यना शिकले 1955 मध्ये ब्रह्मदेशात, त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे. आणि फक्त डोकेदुखी घालवायला आलोय म्हटल्यावर त्यांना आधी नकारच मिळाला होता. तुम्ही जरूर जा, पण त्याआधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा, कारण साध्या पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, आणि रोजची गोळी अचानक थांबली की सुरुवातीचे दिवस फार जड जातात. तेवढ्यात शिबिरात दहा दिवस मौनात बसायची वेळ स्वतःवर आणू नका. फॉर्ममध्ये आजार आणि औषधं दोन्ही नीट लिहा.