सकाळी चालतं, संध्याकाळी नाही

संगणकाच्या अडचणी : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या दूध संस्थेसाठी मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत संकलनाचं सॉफ्टवेअर केलंय. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकलं की दर लागतो, पावती निघते आणि उत्पादकाच्या मोबाइलवर एसएमएस जातो. पायइन्स्टॉलर हे साधन वापरून सगळ्याची मिळून एकच एक्झी (डबल-क्लिक केलं की चालणारी फाइल) केली आणि संस्थेच्या कॉम्प्युटरवर टाकली. सकाळच्या संकलनाला सगळे एसएमएस जातात. संध्याकाळी एकही जात नाही, एसएसएलची (सुरक्षित कनेक्शनची) एरर येते. पावत्या मात्र निघतात. प्रोग्रॅम बंद करून चालू केला की पुन्हा सुरळीत. माझ्या लॅपटॉपवर कधीच अडत नाही. संध्याकाळी नेट स्लो होतं म्हणून असेल का? मित्र म्हणतो, ‘व्हेरिफाय फॉल्स’ करून टाक, म्हणजे सर्व्हरच्या सर्टिफिकेटची तपासणीच बंद.
— एक विद्यार्थी, तालुका तासगाव

उत्तर : नेट स्लो असतं तर प्रोग्रॅम बंद-चालू केल्यानं ते फास्ट झालं नसतं रे. तुझ्या पत्रात नुसतं ‘एसएसएलची एरर’ होतं, म्हणून मी पूर्ण ओळ मागवली. तू फोटो पाठवलास. त्यावर होतं : ‘कुड नॉट फाइंड अ सूटेबल टीएलएस सीए सर्टिफिकेट बंडल, इनव्हॅलिड पाथ’, आणि पुढे एक लांबलचक पत्ता, मध्ये टेम्प, त्यानंतर अंडरस्कोर एमईआय आणि पाच-सहा आकडे. ही ओळ नीट वाच. समोरच्या सर्व्हरबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. तुझा प्रोग्रॅम म्हणतोय, माझी यादी सापडत नाही.

कसली यादी? सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो. त्यावर सही करणारा विश्वासातला आहे का, हे ताडायला प्रोग्रॅमकडे भरवशाच्या सही करणाऱ्यांची यादी लागते. तू वापरलेली रिक्वेस्ट्स लायब्ररी (सर्व्हरशी बोलायचा तयार कोड) ही यादी विंडोजला विचारत नाही. सर्टिफाय नावाच्या पॅकेजमधून, मोझिलानं राखलेली यादी ती वापरते. सीएसर्ट डॉट पेम नावाची साधी टेक्स्ट फाइल आहे ती, नोटपॅडमध्ये उघडते. तुझ्या एक्झीच्या पोटात हीच यादी गेली आहे.

आणि एकच एक्झी म्हणजे काय, तर गाठोडं. डबल-क्लिक केलं की ते टेम्प फोल्डरमध्ये सुटतं, त्या अंडरस्कोर एमईआयवाल्या फोल्डरात सगळा संसार मांडतं, तिथून चालतं आणि बंद करताना आवरून जातं. संस्थेत पहाटे साडेपाचला प्रोग्रॅम चालू होतो आणि रात्रीच बंद होतो. म्हणजे दिवसभर संसार टेम्पमध्ये, आणि टेम्प ही जागा कधीही झाडली जाण्यासाठीच असते.

म्हणून मी तुला फोनवर विचारलं की दुपारी त्या कॉम्प्युटरवर काय चालतं. तू म्हणालास, काही नाही, खोलीला कुलूप असतं. मग चौकशी करून संध्याकाळी तूच कळवलंस की प्रिंटर दुरुस्तीला आलेल्या माणसानं ‘कॉम्प्युटर हलका राहील’ म्हणून सफाईचा एक प्रोग्रॅम टाकून दिला होता. तो रोज दुपारी दोनला टेम्प साफ करतो.

तरी एक कोडं उरतं : सगळंच साफ झालं तर प्रोग्रॅम चालू कसा राहतो? हे मी स्वतः करून पाहिलं. तुझ्यासारखीच एक छोटी एक्झी केली, चालू ठेवली, टेम्पमधलं तिचं फोल्डर उघडलं, सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलं. विंडोज एकेका फाइलपाशी अडायला लागलं : ही वापरात आहे, पुसता येत नाही. मी स्किप, स्किप करत गेले. शेवटी पाहिलं तर पायथॉनची डीएलएल (प्रोग्रॅमला चालताना लागणाऱ्या कोडची फाइल) शाबूत आणि तिच्यासारख्या आणखी काही. सर्टिफायचं फोल्डर गायब. चालू प्रोग्रॅमच्या डीएलएल विंडोज धरून ठेवतं. सीएसर्ट डॉट पेम मात्र उघडायची, वाचायची, लगेच मिटायची फाइल. तिला कुणीच धरलेलं नसतं, म्हणून तेवढी बिचारी झाडूत जाते. संध्याकाळी पहिल्या उत्पादकाची किटली काट्यावर येते, पावती निघते (तिला नेट लागतच नाही), आणि एसएमएससाठी यादी शोधायला गेलं की जागा रिकामी. बंद-चालू केलं की नवं फोल्डर, नवी यादी. तुझ्या लॅपटॉपवर झाडूवाला नाही, एवढंच.

उपाय : पायइन्स्टॉलरमध्ये एकच एक्झी करणारा ‘वनफाइल’ प्रकार सोडून ‘वनडिर’ प्रकारानं बांध. सगळ्या फाइली एका फोल्डरात राहतात. ते फोल्डर इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या प्रोग्रॅमनं प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसव, डेस्कटॉपवर शॉर्टकट दे. एकच फाइल पेन ड्राइव्हवर न्यायला देखणी असते हे खरं. पण दिवस-दिवस चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमला ती नको. सफाईवाला प्रोग्रॅम काढून टाकून भागेल असं समजू नकोस, पुढच्या महिन्यात दुसरा कुणीतरी दुसरा झाडू घेऊन येईल.

आता तुझ्या मित्राचा सल्ला. ‘व्हेरिफाय फॉल्स’ केलं असतंस तर संध्याकाळचे एसएमएस गेले असते. यादी तपासायचीच नाही म्हटल्यावर ती हरवली काय, असली काय. पण एसएमएसवाल्यांनी दिलेली संस्थेची गुप्त की प्रत्येक निरोपाबरोबर जाते, आणि मध्ये कुणी सर्व्हर म्हणून उभा राहिला तर तुझा प्रोग्रॅम ती मुकाट्यानं त्याच्या हातात देईल. मी हे कुठल्या तोंडानं सांगते, तेही ऐक. ३० सप्टेंबर २०२१, गुरुवार. संध्याकाळी साडेसातनंतर माझे फोन वाजायला लागले, माझं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या चार दुकानांतलं बिलिंग अडलं होतं. डीएसटी रूट सीए एक्स३ या जुन्या मूळ सर्टिफिकेटची (भरवशाच्या यादीतल्या एका सही करणाऱ्याची) मुदत आपल्या वेळेनं त्या दिवशी ७ वाजून ३१ मिनिटांनी संपली होती. आमच्या सर्व्हरचं लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ताजं होतं, त्यांचं नवं मूळ सर्टिफिकेट माझ्या यादीतही होतं. पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेलं, सर्टिफिकेट ताडणारं ओपनएसएसएल १.०.२ इतकं जुनं, की ते एकावर दुसऱ्यानं केलेल्या सह्यांची साखळी धरून मुदत संपलेल्या टोकापर्यंतच जायचं आणि तिथं अडायचं. ब्राउझरमध्ये सगळं ठीक. त्या रात्री मी तपासणी बंद केली आणि ‘उद्या काढते’ म्हणाले. तो उद्या पुढच्या जूनमध्ये उगवला. ते कालबाह्य नाव यादीतून खोडलं असतं तरी काम झालं असतं, हे मला आठवड्यानं कळलं होतं. तरीही जून. त्या आठ महिन्यांत काही वावगं घडलं का? कळायला मी मार्गच ठेवला नव्हता.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयातल्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसबीएन (पुस्तकावरचा ओळख क्रमांक) टाकला की पुस्तकाची माहिती नेटवरून आपोआप भरली जाते. महिनाभरापासून ‘सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन’ असं येऊन थांबतं. तीच वेबसाइट ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडते. सॉफ्टवेअरवाले म्हणतात नेटवाल्याला विचारा, नेटवाला म्हणतो सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. त्यानं काळ्या खिडकीत कर्ल (वेबसाइटवरून मजकूर आणणारी) कमांड देऊन ‘बघा, येतंय’ असंही दाखवलं.
— ग्रंथपाल, ठाणे जिल्हा

उत्तर : सर, महिनाभरापूर्वी अँटीव्हायरस नवा घेतलात किंवा बदललात का? ती वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेटपर्यंत जा आणि ‘इश्यूड बाय’पुढचं नाव वाचा. तिथं तुमच्या अँटीव्हायरसचं नाव असेल तर चोर सापडला. चोर म्हणणं अन्याय होईल, तो त्याचं काम करतोय. सुरक्षित कनेक्शनमधून व्हायरस येतोय का हे पाहायला तो मध्ये उभा राहतो, बोलणं उघडतो आणि स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट लावून पुढे देतो. ती सही विंडोजच्या यादीत त्यानं आधीच घुसवलेली असते, म्हणून ब्राउझर कुरकुरत नाही. विंडोजमधलं कर्लही विंडोजलाच विचारतं, त्यामुळे नेटवाल्याची परीक्षा खरी होती, फक्त विषय दुसरा होता. तुमचं सॉफ्टवेअर स्वतःची यादी बरोबर घेऊन आलंय, आणि तिच्यात हे नाव नाही.

अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये वेब किंवा एचटीटीपीएस स्कॅनिंगखाली अपवादांची जागा असते. तिथं एवढा एकच प्रोग्रॅम घाला, सगळं स्कॅनिंग बंद करू नका. आणि सॉफ्टवेअरवाल्यांना हे पत्र दाखवून सांगा की स्वतःच्या यादीऐवजी विंडोजची यादी वापरा. पायथॉनमध्ये असेल तर ३.१० पासून पुढे ट्रस्टस्टोअर नावाचं पॅकेज नेमकं हेच करतं, पायथॉनची पॅकेजेस बसवणारं पिपसुद्धा २४.२ पासून तेच वापरतं. तास-दोन तासांचं काम आहे, ‘पुढच्या व्हर्जनमध्ये पाहू’ म्हणाले तर ऐकू नका.

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी हिशेबाचं सॉफ्टवेअर केलंय. जास्त सुरक्षित म्हणून आमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेटच एक्झीत भरून ठेवलं आणि तेच असेल तरच जोडायचं असं लिहिलं. दर दोन महिन्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांचं एकदम बंद पडतं आणि नवी एक्झी वाटत फिरावं लागतं.
— दोन मित्र, पुणे

उत्तर : तुमचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं असणार. त्याची मुदत ९० दिवस, आणि महिनाभर शिल्लक असताना ते आपोआप नवं होतं. म्हणजे तुमचे दोन महिने. विकतचं घेऊन सुटाल असंही नाही. १५ मार्च २०२६ पासून कुठलंच सार्वजनिक सर्टिफिकेट २०० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं देता येत नाही, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. तुम्ही घराच्या मालकाऐवजी दारावरच्या तोरणावरून घर ओळखताय. नेहमीची साखळी तपासणी ठेवा, ती पुरते. अगदीच अडून बसला असाल तर सर्टिफिकेटऐवजी त्यातली सार्वजनिक की तपासा, सोबत एक राखीव की ठेवा, आणि सर्टिफिकेट नवं करणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रॅमला जुनीच की पुन्हा वापरायला सांगा, नाहीतर तो दर वेळी नवी करतो आणि तुम्ही पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन दारोदार.

प्रश्न : मालवणात आमचं होमस्टे आहे. लाइट जाऊन आली की बुकिंगचा प्रोग्रॅम ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ म्हणतो. ब्राउझरही तक्रार करतो. दुपारपर्यंत कधी कधी आपोआप ठीक होतं.
— एक वाचक, मालवण

उत्तर : काकी, स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. दहा-बारा वर्षं मागची दिसेल. त्या तारखेला आजचं सर्टिफिकेट जन्माला यायचं होतं, म्हणून ‘अजून लागू नाही’. नेटवरून घड्याळ जुळलं की ठीक होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय, बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. कॉम्प्युटर बंद करून पिन काढा, मगच झाकण उघडा. सेल काढण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्या, लिहिलेली बाजू वर होती की खाली ते दिसेल असा. मी एकदा उलटा बसवला होता आणि अर्धा दिवस पॉवर सप्लायला दोष देत बसले होते.