तिसरी बॅटरीही उतरतेय, नवी गाडी घेऊ का?

प्रश्न: माझी गाडी चार वर्षांची, स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू होणारी). दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या, आता तिसरीही गाडी चार दिवस उभी राहिली की उतरते. पहिली बदलली तेव्हाच म्युझिकचा अँप्लिफायर बसवून घेतला. मध्यंतरी स्कॅनरवर ‘बॅटरी सेन्सर’च्या बिघाडाचा कोड आला होता, तो गॅरेजवाल्यांनी पुसून दिला. आता ते अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला आणि वार्षिक ‘बॅटरी देखभाल योजना’ घ्या म्हणतात. त्यापेक्षा सात वर्षांच्या कर्जावर नवी गाडी घेऊन म्युच्युअल फंडाच्या १५ टक्के परताव्यातून हप्ते भरावेत म्हणतो. कर्ज बँकेचं घ्यावं की डीलरकडून?

उत्तर: कुठूनच नको. साडेनऊ टक्के व्याज धरलं तरी सात वर्षांत शंभराचे एकशे सदतीस होतात. हप्ता ठरल्या तारखेला कापला जाईल. १५ टक्के मात्र तुम्ही मनानेच धरलेत. आणि ती देखभाल योजना? बऱ्याच स्टार्ट-स्टॉप गाड्यांत असते ती एजीएम बॅटरी (आतलं आम्ल काचतंतूंच्या गादीत मुरवलेली) सीलबंद असते, तिच्यात पाणी घालायची सोयच नसते. मग वर्षभर देखभाल कशाची करणार?

तुमच्या पत्रातलं खरं वाक्य पुसलेल्या कोडचं आहे. निगेटिव्ह टर्मिनलवरचा हा सेन्सर बॅटरीत किती करंट आला-गेला ते मोजतो आणि त्यावरून अल्टरनेटरला किती चार्ज करायचं ते ठरतं. तो चुकला की अर्धीच भरलेली बॅटरी पूर्ण भरलेली समजली जाऊ शकते.

आधी अँप्लिफायरची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर पाहा. ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली असेल, तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही. ती काढून बॉडीच्या अर्थ पॉइंटला जोडा. गाडी बंद असताना अँप्लिफायर ०.३ अँपिअर जरी खात असेल, तरी दिवसाला सात अँपिअर-तास गेले. ६० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी. हिशेब तुमच्या ‘चार दिवसां’शी जुळतो, म्हणून संशय. खात्रीसाठी गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा आणि करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा.

मग सेन्सर. इंजिन बंद, इग्निशन चालू, हेडलाइट लावा. ५५ वॉटचे दोन हॅलोजन आणि मागचे दिवे मिळून दहा अँपिअर, शिवाय इग्निशनचा थोडा करंट. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात तेवढाच आकडा वजा चिन्हासह दिसायला हवा आणि केबलवर चिमट्यासारख्या लावलेल्या क्लॅम्प मीटरशी (करंट मोजणाऱ्या) जुळायला हवा. मीटर डीसी मोजणारा घ्या. स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. एखाद-दुसऱ्या अँपिअरचा फरक चालेल. दिवे लावून-विझवून आकडा हललाच नाही, तर लगेच सेन्सर मागवू नका. आधी प्लगच्या पिना पाहा. हिरवट गंज, सैल पिन, तुटलेली वायर, सेन्सरपर्यंत न पोचणारा सप्लाय, हे सगळं निकालात निघालं की मगच सेन्सर गेला म्हणा. बॅटरी बदलताना टर्मिनल स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, तरीही तो जातो.

अल्टरनेटरचं निदान बहुधा चालू इंजिनवर १२.८ व्होल्ट पाहून झालं असावं. स्मार्ट चार्जिंगच्या गाडीत बॅटरी ‘भरलेली’ समजली गेली की व्होल्टेज मुद्दामच खाली ठेवतात. इग्निशन बंद करून सेन्सरचा प्लग काढा आणि इंजिन सुरू करा. बऱ्याच गाड्या अशा वेळी ठरावीक व्होल्टेजवर जातात. साधारण १४ स्थिर दिसले, तर अल्टरनेटर ठणठणीत आहे. प्लग परत लावून कोड पुसा. आता पुसायला हरकत नाही.

नवा सेन्सर बसवल्यावर काही गाड्यांत बॅटरीची नोंद स्कॅनरने नव्याने करावी लागते, ते आधीच विचारून ठेवा. तिसरी बॅटरी एवढ्यात टाकू नका. बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, रात्रभर सोडा, सकाळी एजीएम १२.८ व्होल्टच्या आसपास असेल आणि लोड टेस्टला (भार देऊन केलेल्या चाचणीला) टिकली, तर तीच चालवा. नाही टिकली, तर चौथी घेताना गाडीला सांगितलेलाच प्रकार घ्या. एजीएमच्या जागी साधी बसवून वाचवलेले पैसे लवकरच परत जातात.