अमेरिकेतलं टॅरिफ कोर्टाने रद्द केलं. आम्ही दिलेली सूट आणि कुरिअरने घेतलेलं शुल्क परत मिळेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सोलापुरात तुमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, माल न्यू जर्सीतल्या एका खरेदीदाराला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं तेव्हा ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून तुम्ही दरात १५ टक्के सूट दिली. शिवाय दिवाळीत बहिणीला साड्या पाठवल्या, त्यावर कुरिअरने तिच्याकडून शुल्क वसूल केलं. आता ते टॅरिफच बेकायदा ठरलंय, तर यातलं काय परत येईल?

मी न्यू जर्सीत कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात काम करते. त्याआधी काही वर्षं न्हावा शेवा बंदरात सीएचएकडे, म्हणजे आयात-निर्यातदारांची कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटकडे होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये निकाल लागल्यापासून माझ्या टेबलावर दुसरा विषयच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परतावा मिळतो तो कस्टम्सच्या कागदावर आयातदार म्हणून ज्याचं नाव आहे त्याला. झळ कोणी सोसली, हे अमेरिकेचं कस्टम्स विचारत नाही. तुमच्या १५ टक्क्यांची त्यांच्या दप्तरी कुठेही नोंद नाही. हे ऐकायला कडू आहे, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आधी रद्द काय झालं ते नीट पाहा, कारण इथेच खूप जण चुकतात. २० फेब्रुवारी २०२६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की १९७७ च्या आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्षांना आयातशुल्क लावता येत नाही. हा खटला लढवणाऱ्यांत शैक्षणिक खेळणी विकणारी लर्निंग रिसोर्सेस ही कंपनी होती. भारतीय मालाच्या बाबतीत या कायद्याखालचं शुल्क म्हणजे ५ एप्रिल २०२५ पासूनचे १० टक्के, ७ ऑगस्टपासून त्याऐवजी आलेले २५ टक्के आणि रशियन तेलाचं कारण देऊन २७ ऑगस्टपासून वर चढवलेले आणखी २५ टक्के. पोलाद, ॲल्युमिनियम, वाहनांचे सुटे भाग यांच्यावरचं शुल्क राष्ट्रीय सुरक्षेच्या वेगळ्या कायद्याखाली आहे, त्याला या निकालाने धक्का लागलेला नाही. पुण्या-कोल्हापूरकडच्या कास्टिंग आणि सुटे भाग पाठवणाऱ्यांनी हा फरक आधी तपासावा. उगाच आशा लावून बसू नये.

टॉवेलचंच उदाहरण घेऊ. समजा तुमचा २०,००० डॉलरचा माल १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेच्या बंदरात उतरला. सुती टेरी टॉवेलवर नेहमीचं शुल्क ९.१ टक्के, म्हणजे १,८२० डॉलर. ते आधीही होतं, आजही आहे, परत येणार नाही. कस्टम्सची ०.३४६४ टक्के प्रक्रिया फी आणि जहाजाने आलेल्या मालावरची ०.१२५ टक्के बंदर फीही तशीच राहते. वरचे २५ अधिक २५ टक्के, म्हणजे १०,००० डॉलर, एवढेच परताव्याचे, आणि त्यावर व्याज. एंट्री म्हणजे आलेल्या मालाची कस्टम्सकडे केलेली नोंद. तिच्या गोषवाऱ्यात, म्हणजे ७५०१ नंबरच्या फॉर्मवर, हे प्रत्येक शुल्क वेगळ्या ओळीत असतं. खरेदीदाराकडून त्या फॉर्मची प्रत मागून घ्या. ती हातात नसेल तर बाकी सगळी चर्चा हवेतली.

हे १०,००० डॉलर आपोआप खात्यात येत नाहीत. बहुमताच्या निकालपत्रात परताव्याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. पुढे आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या आदेशानंतर कस्टम्सने आपल्या एस (ACE) या ऑनलाइन पोर्टलवर केप (CAPE) नावाची परताव्याची सोय सुरू केली, ती २० एप्रिल २०२६ ला. आयातदाराने, किंवा ज्या ब्रोकरने ती एंट्री भरली होती त्याने, एंट्री क्रमांकांची यादी तिथे चढवायची. कस्टम्स त्यातून रद्द झालेली ओळ काढून शुल्क नव्याने मोजतं. पैसे चेकने येत नाहीत. ६ फेब्रुवारी २०२६ पासून परतावा थेट अमेरिकन बँक खात्यातच जमा होतो. बऱ्याच छोट्या आयातदारांचं घोडं इथेच अडतं: पोर्टलवर खातं नाही, किंवा खातं आहे पण बँकेची माहिती भरलेली नाही. तुमच्या खरेदीदाराला हे जरूर विचारा.

दुसरी अडचण वेळेची. अमेरिकेत एंट्री भरली की हिशेब लगेच बंद होत नाही. साधारण ३१४ दिवसांनी कस्टम्स ती पक्की करतं, त्याला इथे लिक्विडेशन म्हणतात. त्यानंतर हरकत घ्यायला १८० दिवस मिळतात. ऑक्टोबरच्या वरच्या एंट्रीचा हिशेब ऑगस्ट २०२६ च्या उत्तरार्धात पक्का होतो. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीचा माल असेल तर त्याचा हिशेब फेब्रुवारी २०२६ मध्येच पक्का झालेला असणार, आणि हरकतीची मुदत ऑगस्ट २०२६ च्या मध्याला संपते. केपच्या पहिल्या टप्प्यात पक्क्या न झालेल्या आणि नुकत्याच पक्क्या झालेल्या एंट्रीच घेतल्या गेल्या. म्हणून जुन्या एंट्रीवर आम्ही पोर्टलच्या भरवशावर न राहता हरकत अर्जही भरून ठेवतो. तुमचा खरेदीदार ‘बघू, सरकार देईल’ म्हणत असेल तर त्याला तारखा मोजून दाखवा.

न्हावा शेवाला मी हेच पाहिलं होतं. १९ मे २०२२ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आयात मालाच्या समुद्री वाहतूक भाड्यावरचा आयजीएसटी (जीएसटीचाच एक प्रकार) रद्द ठरवला. आमचा एक आयातदार निकालाची बातमी वाचून निश्चिंत झाला आणि अर्ज करायचाच राहिला. जीएसटीत परताव्याला दोन वर्षांची मुदत असते हे त्याला कळलं तेव्हा त्याच्या जुन्या भरण्यांची मुदत टळून गेली होती. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

आता तुमची १५ टक्के सूट. भारतात परतावा मागणाऱ्याला दाखवावं लागतं की कराचा बोजा त्याने गिऱ्हाइकावर टाकलेला नाही. टाकला असेल तर पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या निकालाने हे पक्कं केलं. अमेरिकेत या परताव्याला तशी अट नाही. म्हणजे तुमच्या खरेदीदाराने शुल्काचा काही भाग तुमच्याकडून सूट म्हणून घेतला, काही दुकानदाराच्या बिलात चढवला, आणि आता पूर्ण १०,००० डॉलर व्याजासकट त्याच्याच खात्यात आले, तरी कस्टम्सच्या दृष्टीने सगळं रीतसर आहे. मला हे न्याय्य वाटत नाही. टॅरिफच्या त्या काळात सोलापूर, इचलकरंजीसारख्या गावांतल्या कारखानदारांनी स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन ऑर्डरी टिकवल्या, आणि त्यांचं नाव एकाही फॉर्मवर नाही.

म्हणून तुमचा हक्क शोधायचा तो तुमच्या दोघांच्या पत्रव्यवहारात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ईमेल, व्हॉट्सॲप, सुधारित प्रोफॉर्मा (विक्रीआधीचं कच्चं बिल), क्रेडिट नोट काढून बसा. ‘टॅरिफमुळे सूट’, ‘टॅरिफ निम्मं-निम्मं’ असं कुठे लिहिलेलं असेल तर ते सोन्यासारखं आहे. नुसतंच ‘स्पेशल डिस्काउंट’ लिहिलं असेल तर कायद्याने मागायला फारसं काही उरत नाही. मग संबंधांवर बोलायचं. आणि तसं बोलताना बिचकू नका. रोख मागण्यापेक्षा पुढच्या ऑर्डरींचा दर वाढवून मागणं खरेदीदाराला सोपं जातं, हा माझा अनुभव. रोख मिळणार असेल तर रक्कम आपल्या बँकेमार्फत, मूळ शिपिंग बिलांचा संदर्भ देऊनच घ्या. आधी बँकेतल्या फॉरेक्सच्या माणसाशी बोला. आणखी एक गोष्ट नक्की विचारा: त्याने परताव्याचा हक्क कोणाला विकला तर नाही ना? निकालाआधी काही आयातदारांनी आपले दावे गुंतवणूकदारांना कमी पैशांत विकून टाकले होते. तसं झालं असेल तर त्याच्या हातात जेवढं आलं तेवढ्यावरच बोलणी करता येईल.

तुमचा काही माल ‘डीडीपी’ अटीवर, म्हणजे शुल्क तुम्ही भरून, गेला असेल तर चित्र एकदम पालटतं. अशा वेळी कधी कधी भारतातली कंपनीच अमेरिकेत आयातदार म्हणून नोंदलेली असते, आणि मग परतावा सरळ तुमचाच. तुमचं अमेरिकन बँक खातं नसेल तर ४८११ नंबरचा फॉर्म भरून ब्रोकरला तुमच्या वतीने पैसे घेण्यासाठी नेमता येतं. मात्र त्याच्याशी आधी लेखी करार करा.

बहिणीच्या साड्यांचं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलची सूट बंद झाली, म्हणून तिला शुल्क पडलं. कुरिअर कंपन्या अशी पार्सलं बऱ्याचदा स्वतःच्या नावावर सोडवतात, त्यामुळे परतावा आधी कंपनीला मिळतो. फेडेक्सने जाहीर केलंय की त्यांना मिळालेला परतावा ते ज्यांनी मूळ शुल्क भरलं त्या पाठवणाऱ्यांना आणि ग्राहकांना देतील. बहिणीला तिच्या कुरिअरच्या वेबसाइटवर तशी घोषणा आणि अर्जाची पद्धत आहे का ते पाहू दे. ट्रॅकिंग नंबर आणि शुल्काची पावती जपून ठेवायला सांगा. पावतीवर शुल्क आणि कुरिअरची स्वतःची फी वेगवेगळी असते; कोर्टाने फी रद्द केलेली नाही. आणि परताव्याच्या नावाने कोणी फोन करून बँकेचा तपशील किंवा आगाऊ पैसे मागितले तर सरळ फोन ठेवायचा.

पार्सल पोस्टाने गेलं असतं तर जास्त अवघड झालं असतं. भारतीय टपाल खात्याने १५ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेची पार्सलं पुन्हा घ्यायला सुरुवात केली तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क बुकिंगच्या वेळीच घेतलं जाई. ते कस्टम्सकडे पोचवणारी संस्था मधली असते. पाठवणाऱ्याकडे एंट्री क्रमांक नसतो, फक्त पावती. वाचणाऱ्यांपैकी कोणी तसं पार्सल पाठवलं असेल तर ती पावती फेकू नका.

तुमच्या इनव्हॉइसवर ‘एफओबी’ (म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचाच खर्च तुमचा) आहे की ‘डीडीपी’, आणि सूट दिल्याच्या ईमेलमध्ये नेमके शब्द काय आहेत, एवढं खाली कळवा. किंमत आणि नावं झाकून टाकलीत तरी चालेल. खरेदीदाराला काय लिहायचं त्याचा मसुदा मी करून देते.